गृहकर्ज घेताना: पहिल्या हिशेबापासून मूळ कागद परत मिळेपर्यंत

घर बघायला सुरुवात झाली की पहिला प्रश्न असतो, बँक किती कर्ज देईल? याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं, कारण बँकेला तुमचा पगार, चालू हप्ते आणि सिबिल स्कोअर (आधीची कर्जं कशी फेडली यावरचे गुण) एवढंच बघायचं असतं. व्यवहार अडतो तो दुसरीकडेच. कर्ज मंजूर होतं, टोकन (सौदा पक्का करतानाची आगाऊ रक्कम) दिलेलं असतं आणि नोंदणीच्या आठवड्यात स्वतःचे चार-पाच लाख कमी पडतात. मग घाईत पर्सनल लोन काढलं जातं आणि पुढची चार-पाच वर्षं दोन्ही हप्ते भरताना दमछाक होते. म्हणून हिशेब स्वतःच्या पैशापासून सुरू करायचा. इथली माहिती महाराष्ट्रात फ्लॅट घेणाऱ्यांसाठी आहे. नवीन आणि रीसेल, दोन्ही.

हातात किती रक्कम हवी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के इतकंच कर्ज देता येतं. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरत नाहीत (१० लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद सोडून). म्हणजे हे दोन्ही खर्च पूर्णपणे तुमच्या खिशातून.

पुणे शहरात करारमूल्य ५० लाख असलेला, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेऊ. कर्ज ४० लाख मिळालं तर:

- स्वतःचा वाटा: १० लाख
- मुद्रांक शुल्क ७ टक्के: ३.५ लाख (मुंबईत हा दर ६ टक्के आहे)
- नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार: ३० हजार
- जीएसटी ५ टक्के: २.५ लाख
- कर्जाच्या गहाणखताच्या नोंदीवरचं मुद्रांक शुल्क, साधारण ०.३ टक्के: १२ हजार
- बँकेची प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी

बेरीज साडेसोळा लाखांच्या आसपास जाते, आणि यात सोसायटीच्या ठेवी, आगाऊ मेंटेनन्स, ब्रोकरची दलाली, वायरिंग, किचन ट्रॉली यातलं काहीच धरलेलं नाही. किमतीच्या एक तृतीयांश रक्कम स्वतःची हवी, असा अंदाज धरून चाललात तर शेवटच्या आठवड्यात धावपळ होत नाही.

यात दोन ठिकाणी बचत होऊ शकते. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ती ५० हजारांची झाली. दुसरं म्हणजे, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागत नाही. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या, म्हणजे ४५ लाखांपर्यंतच्या आणि महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या फ्लॅटला जीएसटी १ टक्का आहे.

रीसेलमध्ये एक वेगळा खड्डा आहे. विक्रेता म्हणतो, ‘करार ४२ लाखांचा करू, बाकी रोख द्या.’ बँक करारमूल्य आणि स्वतःच्या मूल्यांकनापैकी जी रक्कम कमी, तिच्यावर कर्ज देते. रोखीचा भाग पूर्ण तुमच्याकडून जातो, त्याची पावती नसते, आणि पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी किंमत कमी दिसल्यामुळे भांडवली नफ्यावरचा कर वाढतो. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. अशा व्यवहाराला नाही म्हणणंच शहाणपणाचं.

हप्ता किती झेपेल

बँका साधारणपणे सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ देतात. ती मर्यादा बँकेची वसुली सुरक्षित राहावी म्हणून आहे. तुमच्या घरचा किराणा, शाळेची फी आणि आईवडिलांची औषधं तिच्यात मोजलेली नसतात. ३५ टक्क्यांच्या आत राहणं बरं. दोघांच्या पगारावर कर्ज घेणार असाल, तर एक पगार वर्षभर बंद झाला तर काय, हे कागदावर मांडून बघा.

याची खात्री करून घ्यायचा चांगला मार्ग आहे. आजचं भाडं आणि उद्याचा हप्ता यांतला फरक काढा आणि घर शोधत असतानाच तेवढी रक्कम दर महिन्याच्या १ तारखेला आरडीत टाकायला लागा. सहा महिने न चुकता जमलं तर हप्ता झेपणार. जमलं नाही तर कर्जाची रक्कम कमी करा, मुदत वाढवू नका. आणि सहा महिन्यांचा घरखर्च अधिक हप्ते एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय सगळी बचत घराच्या वाट्यात घालू नका.

सिबिल आधी बघा, बँकेच्या आधी

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्कोअर ३०० ते ९०० असतो. ७५० च्या वर असला की दर ठरवताना बोलायला जागा मिळते. आकड्यापेक्षा अहवालातल्या ओळी नीट वाचा. बंद केलेलं क्रेडिट कार्ड ‘चालू’ दिसतं, मित्राला जामीन राहिलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसतं, जुनं कर्ज ‘सेटल्ड’ दिसतं. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण फेड झाली नाही, तडजोड झाली, आणि बँकेचा अधिकारी नेमका याच शब्दापाशी थांबतो. चूक असेल तर तक्रार ऑनलाइन करता येते. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. म्हणून हे काम टोकन देण्याच्या दोन-तीन महिने आधी उरकायचं. एकाच वेळी सहा-सात ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

दर तुलना करताना कुठे बघायचं

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाशी जोडलेली असतात. बहुतेक बँकांत तो रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर असतो, आणि दर तीन महिन्यांतून किमान एकदा व्याज नव्याने ठरतं. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर लावते तो जादा टक्का. रेपो सगळ्यांना सारखाच, म्हणून घासाघीस करायची ती स्प्रेडवर. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना रेपोशी जोडण्याची ही सक्ती नाही. त्या स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर, म्हणजे स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर चालतात, त्यामुळे रेपो उतरला तरी तुमचा दर तेवढा उतरेलच असं नाही. कागदपत्रांत थोडं कमीजास्त असलेल्या घराला त्या कर्ज देतात, तो त्यांचा उपयोग. पण सरळ घर आणि सरळ पगार असेल तर आधी बँक बघा.

जाहिरातीतल्या दरावरून तुलना करू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नवीन किरकोळ कर्जाला मुख्य तथ्यपत्रक, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणीचा खर्च, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा असं सगळं धरून येणारा वार्षिक खर्च तो दाखवतो. दोन-तीन बँकांची पत्रकं शेजारी ठेवा. पत्रकात नसलेलं शुल्क बँकेला तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही, त्यामुळे तोंडी आश्वासनापेक्षा हा कागद महत्त्वाचा.

हप्ता नाही, उरलेले महिने बघा

४० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात यातले २८,३३३ रुपये व्याजाला जातात, मुद्दल फिटतं ६,३८० रुपयांनी. पाच वर्षं नियमित भरून झाल्यावर तुम्ही पावणेएकवीस लाख रुपये दिलेले असतात आणि शिल्लक दिसते सव्वापस्तीस लाखांच्या आसपास. यात बँकेची कोणतीही चलाखी नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, एवढंच.

आता दर १ टक्क्याने वाढून ९.५ झाला असं धरा, अगदी सुरुवातीलाच. बँक सहसा हप्त्याला हात लावत नाही, मुदत वाढवते. दर महिन्याला खात्यातून तेच ३४,७१३ जातात, म्हणून घरात कोणाच्या लक्षात येत नाही. पण २४० हप्त्यांचे ३०९ होतात, म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त. हप्ता २,५७२ रुपयांनी वाढवून ३७,२८५ केला असता तर कर्ज २० वर्षांतच संपलं असतं आणि एकूण साडेसतरा लाखांहून जास्त रुपये वाचले असते. पंचेचाळिशीत कर्ज घेणाऱ्याला तर या वाढीव महिन्यांचे हप्ते निवृत्तीनंतर भरावे लागतील.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की बँकेच्या धोरणानुसार स्थिर दराकडे जायचं, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला आहे. प्रत्येक तिमाहीला बँकेने विवरणही द्यायचं असतं: आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज भरलं, हप्ता किती, हप्ते किती उरले. त्यातला शेवटचा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा तीनने कमी झाला नसेल, किंवा वाढला असेल, तर त्याच आठवड्यात शाखेला ईमेल करा आणि हप्ता वाढवून मागा. दर उतरल्यावर उलटं करा: हप्ता कमी करून घेऊ नका, तोच ठेवा, मुदत आपोआप घटते.

जादा भरण्याचा परिणामही याच गणितातून येतो. वरच्या कर्जात दर वर्षाच्या शेवटी फक्त एक जादा हप्ता भरला, तर २० वर्षांचं कर्ज १६ वर्षं ९ महिन्यांच्या आसपास संपतं. स्वतःच्या राहत्या घरासाठी वैयक्तिक नावावर घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही. मात्र पैसे भरताना ‘मुदत कमी करा, हप्ता नको’ असं लेखी द्या.

घराचे कागद

बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेसाठी. त्याचा अहवाल तुम्हाला मिळेलच असं नाही. स्वतःचा वकील लावून ३० वर्षांचा शोध अहवाल (मालकी आणि बोजाच्या जुन्या नोंदींची तपासणी) काढा. पन्नास लाखांच्या व्यवहारात हा खर्च वाचवू नये.

नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. मंजूर नकाशे, ताबा देण्याची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कोणाचं कर्ज आहे, कोणते दावे चालू आहेत, हे सगळं तिथे दिसतं. जमिनीवर दुसऱ्या वित्तसंस्थेचा बोजा असेल तर तुमच्या फ्लॅट क्रमांकापुरतं तिचं ना-हरकत पत्र मागा. नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

रीसेलमध्ये पहिल्या बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतच्या सगळ्या करारांची साखळी मूळ स्वरूपात हवी, प्रत्येकाच्या इंडेक्स टूसह (नोंदणी कार्यालयातला नोंदीचा उतारा). मधला एखादा मूळ करार हरवलेला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि प्रमाणित प्रत हे विक्रेत्याकडून आधी करून घ्या. यात महिना सहज जातो. ओसी, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट), तिचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि मालमत्ता कराची शेवटची पावती हेही मागा. मालक वारलेला असेल आणि विकणारे वारस असतील, तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्यासुद्धा. ओसी नसलेल्या इमारतीला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. ज्या देतात त्या जास्त दराने.

विक्रेत्याचंच कर्ज शिल्लक असेल तर घाबरायचं कारण नाही, क्रम पाळायचा. त्याच्या बँकेकडून फेडीच्या रकमेचं पत्र आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्यायची. तुमच्या बँकेचा पहिला चेक विक्रेत्याच्या कर्ज खात्याच्या नावे निघतो, मूळ कागद थेट तुमच्या बँकेकडे येतात आणि मगच उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते. ‘आधी मला द्या, मी कर्ज फेडतो’ हे मान्य करू नका.

मंजुरीपासून चेकपर्यंत

मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत. ते तुमच्या उत्पन्नावर मिळतं. घराची कायदेशीर आणि तांत्रिक तपासणी नंतर होते आणि तिथे नकार येऊ शकतो. त्यामुळे टोकनच्या कागदावर ‘बँकेने मालमत्तेला कर्ज नाकारल्यास टोकन परत’ ही ओळ लिहून घ्या. एवढ्या एका ओळीमुळे अनेकांचे लाख-दोन लाख वाचतात.

मग करार, मुद्रांक शुल्क, नोंदणी. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला देण्याच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. ज्या महिन्यात पैसे दिले तो संपल्यापासून ३० दिवसांत. हप्त्यांनी पैसे देत असाल तर प्रत्येक हप्त्यावर. उशिराला रोज २०० रुपये फी लागते. विक्रेता परदेशात राहणारा अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही, कापायची रक्कम बरीच जास्त असते. तिथे सनदी लेखापालाशिवाय पुढे जाऊ नका.

कर्ज वितरित झालं की गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांच्या आत दाखल करायची असते. बहुतेक वेळा बँकेचा माणूस ते करून देतो, पण पावती स्वतःकडे ठेवा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं. १० लाख सुटले तर त्यांवरचं ८.५ टक्क्यांनी व्याज महिना ७,०८३ रुपये. याला प्री-ईएमआय म्हणतात आणि यातून मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. ताबा दोन-तीन वर्षं लांबला तर हे सगळं व्याज वर जातं. घरभाडं भरून झेपत असेल तर पहिल्या वितरणापासून पूर्ण हप्ता सुरू करायला सांगा. बिल्डरने मागणीपत्र पाठवलं की त्या मजल्याचा स्लॅब खरंच पडला आहे का, हे स्वतः जाऊन बघा. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा योजनेत कर्ज तुमच्याच नावावर असतं. बिल्डरने व्याज भरणं थांबवलं तर थकबाकी तुमच्या सिबिलवर चढते.

विमा, कर आणि सहकर्जदार

कर्जासोबत बँक एकरकमी हप्त्याची जीवनविमा पॉलिसी पुढे करते आणि तिचा हप्ता कर्जातच मिळवते, म्हणजे विम्यावरही २० वर्षं व्याज. ही पॉलिसी घेण्याची सक्ती नाही. कर्जाएवढा वेगळा टर्म विमा घ्या; बँक बदलली तरी तो तुमच्याबरोबर राहतो. घराचा आग-भूकंप विमा मात्र घ्यावाच, आणि तो बाजारभावाचा नाही, पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा.

करसवलतीसाठी कर्ज घेऊ नका. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची आणि मुद्दलावर दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेतली वजावट जुन्या करप्रणालीत आहे. नवीन प्रणालीत राहत्या घराला ती मिळत नाही. सहकर्जदाराला वजावट हवी असेल तर तो घराचा सहमालकही असायला हवा. फक्त पत्नीच्या नावावर घर घेऊन मुद्रांक शुल्क वाचवलं, तर पतीने सहकर्जदार म्हणून हप्ते भरूनही त्याला वजावट नाही, आणि कर्जाची जबाबदारी मात्र पूर्ण. दोन्ही आकडे मांडून मगच नावं ठरवा.

हप्ता थकण्याची वेळ आली तर

नोकरी गेली, आजारपण आलं, तर पहिला हप्ता चुकण्याआधी बँकेला लेखी कळवा. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं ठरतं आणि सरफेसी कायद्याखाली (ज्याने बँक गहाण घर ताब्यात घेऊन विकू शकते) ६० दिवसांची नोटीस निघू शकते. त्याआधी मुदतवाढ किंवा पुनर्रचना मागता येते; नोटिशीनंतर बँकेचे हात बांधले जातात. घर विकूनच सुटका असेल तर स्वतः विका. लिलावात सहसा कमी किंमत येते.

बँक बदलताना आणि कर्ज संपल्यावर

दुसरीकडे अर्धा टक्का कमी दर दिसला की आधी स्वतःच्याच बँकेला पत्र द्या. थोडं रूपांतर शुल्क घेऊन बऱ्याच बँका स्प्रेड कमी करतात. बदलायचंच असेल तर नवीन प्रोसेसिंग फी आणि महाराष्ट्रात गहाणाचं मुद्रांक शुल्क पुन्हा लागतं, ते धरून हिशेब करा. कर्जाची पहिली सात-आठ वर्षं चालू असतील तर बदल परवडतो, शेवटच्या चार-पाच वर्षांत सहसा नाही. आणि नवीन बँक मुदत पुन्हा २० वर्षं करते आहे का, ते तपासा. तसं झालं तर कमी दराचा फायदा वाढलेल्या महिन्यांत जातो.

शेवटचा हप्ता भरल्यावर ३० दिवसांत सगळे मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे; तिच्या चुकीने उशीर झाला तर रोज ५,००० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी जपून ठेवली असेल तर एकेक पान ताडून घ्या. थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, दुय्यम निबंधकाकडची गहाणाची नोंद रद्द करून घ्या, सेरसाईवरचा (गहाणांची केंद्रीय नोंदणी) बोजा उतरला का ते विचारा, सोसायटीच्या नोंदवहीतली बँकेची नोंद काढायला पत्र द्या. दोन महिन्यांनी सिबिल अहवाल काढून खातं ‘क्लोज्ड’ आणि शिल्लक शून्य दिसते का, ते बघा.